एका अबोल रोगाचा इतिहास

रोगांचा इतिहास लिहिणारास राजवंशांचा इतिहास लिहिणारापेक्षां एक अडचण अधिक असते. राजांचे कागद दफ्तरांत सांपडतात. रोगांचे कागद पुष्कळदां लिहिलेलेच नसतात. अशा वेळीं भाषेस साक्षीला बोलवावें लागतें. ज्या रोगाविषयीं लोक मोकळेपणानें बोलले त्याचें नांव, त्याचे विधि, त्यावरचा उपाय हें सर्व भाषेंत टिकून राहतें. ज्याविषयीं ते बोलले नाहींत त्याची जागा भाषेंतहि रिकामीच राहते. पुणें जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या जुन्नर व आंबेगांव ह्या तालुक्यांपासून आरंभ करून अशा दोन रोगांची हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. पहिला रोग देवीचा. तो पृथ्वीवरून नाहींसा झाला. दुसरा गर्भाशयमुखाचा कर्करोग. त्याचें कारण कळलें, त्यावर लस निघाली, तरी तो अजून आपल्या घरांतून हललेला नाहीं. एक गेला आणि दुसरा राहिला, ह्याचें कारण केवळ वैद्यकांत शोधून चालणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

देवीची गोष्ट प्रथम घेऊं. हा रोग चेहऱ्यावर उमटे. तो लपविणें शक्यच नव्हतें. म्हणून लोकांनीं त्यास शीतळेचें रूप दिलें, तिची पूजा केली, आणि पुढें लस आली तेव्हां तिलाहि ‘देवी काढणें’ असें घरगुती नांव देऊन टाकिलें. हिंदुस्थानांत ही लस प्रथम १४ जून १८०२ रोजीं मुंबई येथें ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस टोंचण्यांत आली. दख्खनांत तिचा प्रसार करण्याचें काम ज्यांच्याकडे आलें त्यांपैकीं अलेक्झांडर गिब्सन ह्या स्कॉच डॉक्टराचें नांव जुन्नरच्या परिसराशीं जोडलेलें आहे. १८३६ मध्यें दख्खन व खानदेश ह्या प्रांतांत देवी काढण्याच्या कामावर त्याची नेमणूक झाली. १८३८ पासून दापोडीची सरकारी बाग त्याच्या देखरेखीखालीं आली, आणि नारायणगांवाजवळ हिवरें येथें ह्या बागेची जी शाखा होती तेथें औषधी वनस्पतींची लागवड होऊं लागली. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून त्याची कीर्ति झाली. परंतु त्याच्या दख्खनांतील उद्योगाचा आरंभ गांवोगांवच्या मुलांच्या दंडांपासून झाला, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं.

त्या काळीं लस बाटलींत भरून येत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडांतील द्रव काढून तो दुसऱ्या मुलाच्या दंडावर टोंचण्याची रीत होती. म्हणजे एका आईनें आपलें मूल पुढें केल्यावांचून शेजारणीचें मूल सुरक्षित होत नसे. विरोध झाला, अफवा उठल्या, मुलें लपविण्यांत आलीं. पण जो वाद झाला तो उघड्यावर, चावडीसमोर झाला. मे १९७५ मध्यें आपल्या देशांतील देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला, आणि १९८० मध्यें जग ह्या रोगापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. दंडावरचे वण मागच्या पिढीबरोबर जातील; ‘देवी काढणें’ हा शब्दप्रयोग मात्र अजून कांहीं काळ ऐकूं येईल.

आतां दुसऱ्या रोगाकडे वळूं. ह्यास भाषेनें काय नांव दिलें? आपल्याकडील बायकांच्या बोलण्यांत ‘अंगावरून जातें’, ‘धुपणी लागली’, ‘पिशवीला सूज आली’ असे शब्द आहेत. पण त्यांत साधा विकार कोणता आणि प्राणघातक रोग कोणता ह्याचा भेद होत नाहीं. विटाळ जाऊन वर्ष-दोन वर्षें लोटल्यावर पुन्हां रक्त दिसलें, दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत दिसलें, पतिसमागमानंतर दिसलें, किंवा दुर्गंधियुक्त स्राव होऊं लागला, तर तीं ह्या कर्करोगाचीं लक्षणें असूं शकतात. परंतु ‘बाईच्या जातीला हें चालायचेंच’ ह्या एका वाक्याखालीं तीं सर्व झांकलीं जातात. सासूनें सुनेस आणि आईनें लेकीस हें वाक्य सांगावें, आणि त्यांनीं तें ऐकून गप्प बसावें, अशी आपली जुनी रीत आहे. ही रीत अशिक्षितांचीच आहे असें कोणीं समजूं नये. ज्या घरांत मुलीच्या परीक्षेची चर्चा जेवतांना रोज होते, त्या घरांतहि तिच्या आईच्या रक्तस्रावाची गोष्ट घरधन्याच्या कानीं महिनोन् महिने जात नाहीं.

युरोपांतहि ह्या रोगाविषयीं प्रथम माणसें बोललीं नाहींत; आंकडे बोलले. रिगोनी-स्टर्न नांवाच्या इटालियन वैद्यानें व्हेरोना शहरांतील १७६० ते १८३९ ह्या काळांतील मृत्यूंच्या नोंदी तपासून १८४२ मध्यें असें दाखविलें कीं, गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रिया व विधवा ह्यांच्यांत पुष्कळ आढळतो, आणि मठांतील जोगिणींत क्वचित् आढळतो. वैवाहिक जीवनाशीं ह्या रोगाचा कांहीं संबंध असला पाहिजे, असें अनुमान त्यावरून निघालें. मात्र तो संबंध कोणता हें कळण्यास पुढें जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं, आणि तोंवर त्या अनुमानांतून उपायापेक्षां दूषणच अधिक निघालें.

गुंता सुटला तो एका क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूपासून, म्हणजे चामखिळीपासून. १९०७ मध्यें चुफो ह्या इटालियन संशोधकानें चामखिळीचा रस अत्यंत बारीक गाळणींतून गाळून तो टोंचला असतांहि चामखीळ उठते असें दाखविलें. म्हणजे तिचें कारण जिवाणूंहूनहि सूक्ष्म होतें. १९३३ मध्यें रिचर्ड शोप ह्यानें अमेरिकेंतील सशांच्या अंगावरील तशाच वाढीचें कारण विषाणूच असल्याचें सिद्ध केलें. शेवटीं जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउसेन ह्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींतून ह्या कुळांतील सोळाव्या क्रमांकाचा विषाणु १९८३ मध्यें, आणि अठराव्या क्रमांकाचा त्याच्या पुढील वर्षीं, वेगळा काढून दाखविला. २००८ चें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें तें ह्याच शोधाबद्दल.

ह्या विषाणूंना ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, संक्षेपानें एचपीव्ही, असें म्हणतात. हा एक विषाणु नसून एक मोठें कुळ आहे. त्याचे दोनशेंहून अधिक प्रकार आजवर ओळखले गेले आहेत. एखाद्या विषाणूच्या ठराविक जनुकाची घडण ज्ञात प्रकारांहून शेंकडा दहांपेक्षां अधिक वेगळी निघाली कीं त्यास नवा क्रमांक मिळतो. नांवें नाहींत, केवळ अंक. जुन्नर तालुक्यांतील नाणेघाटांत सातवाहन राणी नागनिकेचा जो शिलालेख आहे, त्यांत यज्ञांत दिलेल्या गाईंची व नाण्यांची संख्या कोरलेली आहे, आणि आपल्या देशांतील अतिप्राचीन अंकांपैकीं ते अंक होत. दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या लेखांत अंकांनीं दान मोजलें. ह्या विषाणूंच्या यादींत अंकांनीं धोका मोजावयाचा आहे.

तो धोका सर्व प्रकारांचा सारखा नाहीं, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. १, २ आणि ४ हे प्रकार हातापायांवरील साध्या चामखिळींचे कारक. त्यांचा कर्करोगाशीं संबंध नाहीं. ६ आणि ११ हे जननेंद्रियांवरील बहुतेक चामखिळींस कारण होतात, आणि क्वचित् प्रसंगीं प्रसूतींत आईकडून मुलास लागून त्याच्या स्वरयंत्रांत पुनःपुन्हां गांठी उठवितात. परंतु त्यांस कमी धोक्याचेच म्हणतात. उरलेल्यांपैकीं १६, १८, ३१, ३३, ३५, ३९, ४५, ५१, ५२, ५६, ५८ आणि ५९ हे बारा कर्करोगकारक म्हणून निश्चित झाले आहेत. त्यांतहि १६ व १८ हे दोघे पुढारी. गर्भाशयमुखाच्या दर शंभर कर्करोगांपैकीं सुमारें सत्तर ह्या दोघांचे असतात. ३१, ३३, ४५, ५२ व ५८ ह्यांची भर घातली म्हणजे ती संख्या नव्वदाच्या आसपास जाते. शिवाय हा केवळ स्त्रियांचा प्रश्न आहे असेंहि नाहीं. टॉन्सिल व जिभेचें मूळ, गुदद्वार, शिश्न, योनि येथील कांहीं कर्करोगांसहि हेच विषाणु, विशेषतः सोळावा, कारण होतात.

मग ज्यास हा विषाणु लागला त्यास कर्करोग झालाच असें समजावयाचें काय? मुळींच नाहीं. लैंगिक जीवन जगणाऱ्या बहुसंख्य स्त्रीपुरुषांस आयुष्यांत केव्हांना केव्हां ह्या कुळांतील एखादा विषाणु लागतोच, आणि दहांपैकीं नऊ जणांच्या शरीरांतून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहींसा होतो. त्यांस त्याचा पत्ताहि लागत नाहीं. थोड्यांच्या शरीरांत मात्र धोक्याच्या प्रकारांपैकीं एखादा ठाण मांडून बसतो. पेशींची वाढ आवरून धरणारीं जीं प्रथिनें शरीरांत असतात, त्यांस तो निकामी करितो, आणि पहारेकरी उठून गेलेल्या वाड्यांत व्हावें तसें पेशींचें वर्तन बेबंद होतें. तरीहि कर्करोग होण्यास बहुधा पंधरा-वीस वर्षें लागतात. तंबाखूचें व्यसन, अनेक बाळंतपणें, किंवा एचआयव्हीसारख्या रोगानें खालावलेली प्रतिकारशक्ति असेल तर हा धोका वाढतो. इतकी दीर्घ मुदत देणारा शत्रु विरळा. आणि ती मुदत फुकट घालविणें ह्यासारखा अपराध नाहीं.

येथें दूषणाचाहि प्रश्न सुटतो. जी स्त्री आयुष्यभर एका पतीशिवाय दुसऱ्यास जाणत नाहीं, तिलाहि हा विषाणु लागूं शकतो. आणि तो लागून वीस वर्षें झाल्यावर त्यावरून कोणाच्याहि चारित्र्याचें अनुमान काढतां येत नाहीं. रिगोनी-स्टर्नच्या आंकड्यांतून समाजानें जी लाज काढली ती त्या आंकड्यांत नव्हतीच.

आतां आपल्या देशाकडे येऊं. दख्खनच्या खेड्यांतील कर्करोगाचा पद्धतशीर हिशेब प्रथम मांडला गेला तो सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें. १९८७ मध्यें तेथील नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाच्या आश्रयानें बार्शी, परंडा व भूम ह्या तालुक्यांच्या खेड्यांसाठीं कर्करोगाची नोंदवही सुरूं झाली. ग्रामीण भागाची अशी ही देशांतील पहिलीच नोंदवही. खेड्यांतला रोगी आपण होऊन शहरच्या रुग्णालयांत येत नाहीं, म्हणून नोंद करणारे कार्यकर्ते स्वतः गांवोगांव जाऊं लागले. ते लोकांस गोळा करीत, लक्षणें समजावून सांगत, आणि संशय आल्यास तपासणीस जाण्याचा आग्रह करीत. स्त्रियांच्या कर्करोगांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचें प्रमाण तेथें सर्वांत अधिक निघालें. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट कांहीं वर्षांनीं दिसून आली. ह्या रोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षां लौकरच्या अवस्थेंत, म्हणजे उपाय चालण्याजोग्या वेळीं, रुग्णालयांत येऊं लागल्या होत्या. नवें औषध आलें नव्हतें, नवें यंत्र आलें नव्हतें. कोणीतरी गांवांत येऊन त्या रोगाविषयीं मोठ्यानें बोलला होता, एवढाच फरक. आमच्या मतें ह्या साऱ्या इतिहासांतील हीच गोष्ट सर्वांत बोधप्रद आहे.

त्यानंतर १९९९ मध्यें शेजारच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत एक मोठा प्रयोग सुरूं झाला. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यांत होत्या. गांवांचे समूह पाडून त्यांचे चार भाग केले. एका भागांतील स्त्रियांची एकदांच विषाणूची तपासणी करण्यांत आली. दुसऱ्या भागांत पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची पापानिकोलाउची जुनी पद्धति, तिसऱ्यांत सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनीं पाहण्याची पद्धति योजिली. चौथ्या भागांत नेहमींच्या व्यवस्थेपलीकडे कांहीं केलें नाहीं. आठ वर्षांनंतरचा हिशेब २००९ मध्यें प्रसिद्ध झाला. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत वाढलेल्या अवस्थेंतील कर्करोग ३९ निघाले, आणि ३४ स्त्रिया त्या रोगानें मेल्या. चौथ्या भागांतील ३१,४८८ स्त्रियांत हेच आंकडे ८२ आणि ६४ होते. आयुष्यांत एकदांच केलेल्या एका तपासणीनें मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आणिले! जगभरच्या वैद्यकानें ह्या आंकड्यांची दखल घेतली, आणि विषाणूच्या तपासणीस पुढें जें अग्रस्थान मिळालें त्याच्या आधारांत मराठवाड्यांतील ह्या स्त्रियांचाहि वांटा आहे.

पण त्या ६४ जणी आमच्या मनांतून जात नाहींत. तपासणीचा उपयोग होतो कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं कांहीं स्त्रिया बिनतपासणीच्या ठेवणें कितपत न्याय्य, असा प्रश्न पुढें टीकाकारांनीं विचारिला, आणि तो विचारण्यासारखाच होता. प्रयोग करणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, देशांत सर्वत्र चालू होती तीच व्यवस्था ह्या स्त्रियांस मिळत होती. हें म्हणणें खरें आहे, आणि म्हणूनच तें अधिक दुःखद आहे. कारण प्रयोग संपला तरी ती व्यवस्था फारशी बदलली नाहीं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं गर्भाशयमुखाची तपासणी कधींकाळीं झालेल्या शेंकडा दोनहि भरल्या नाहींत. म्हणजे त्या चौथ्या भागांत केवळ एका जिल्ह्यांतील एकतीस हजार नव्हेत, तर ह्या देशांतील बहुतेक साऱ्या आयाबहिणी होत्या. २०२२ सालीं हिंदुस्थानांत ह्या रोगाचे सव्वा लाखाहून अधिक नवे रोगी व सुमारें ८० हजार मृत्यु झाले असा जागतिक अंदाज आहे.

साधनें दुर्मिळ आहेत ही सबबहि टिकत नाहीं. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ पासून तेथील झोपडपट्ट्यांत जो प्रयोग केला, त्यांत डॉक्टर नसलेल्या पण थोडें शिक्षण घेतलेल्या व कामापुरत्या तयार केलेल्या स्त्रियांकडून त्याच सौम्य आम्लानें, म्हणजे व्हिनेगरच्याच द्रव्यानें, तपासणी करविली होती. आम्ल लाविलें कीं बिघडलेला भाग पांढरा दिसतो. एवढ्याशा उपायानें त्या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नें घटले.

राहिली लस. ती २००६ पासून जगांत उपलब्ध झाली. तिच्यांत विषाणु नसतो. त्याचें नुसतें पोकळ कवच असतें. शरीर त्या कवचावरून शत्रु ओळखण्यास शिकतें. म्हणून ती विषाणूशीं गांठ पडण्यापूर्वीं, नऊ ते चौदा वर्षांच्या वयांत, टोंचणें उत्तम. आधींच जडलेला संसर्ग ती बरा करीत नाहीं. आपल्याकडे मात्र तिचा प्रवेश वादांतून झाला. २००९ मध्यें खम्मम व बडोदें ह्या जिल्ह्यांत मुलींस ती टोंचण्याचा एक प्रकल्प चालू झाला. त्यांत भाग घेतलेल्या सात मुलींचा मृत्यु झाला. चौकशींत त्या मृत्यूंचा लसीशीं संबंध दिसला नाहीं. पण दुसरें एक वैगुण्य दिसलें. आदिवासी मुलींच्या आश्रमशाळांत आईबापांऐवजीं वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनींच संमतिपत्रांवर सह्या केल्या होत्या. २०१० मध्यें तो प्रकल्प थांबला, आणि संसदेच्या समितीनें २०१३ मध्यें त्यावर कडक ताशेरे झाडले. गिब्सनच्या काळीं आई मूल घेऊन समोर येई; येथें आईला विचारलेंच नाहीं. अविश्वास उत्पन्न झाला तो औषधामुळें नव्हे, ह्या न विचारण्यामुळें.

दैवाचा खेळ असा कीं, त्याच गडबडींत दुसरा एक प्रयोगहि अर्धवट थांबवावा लागला. लसीचे दोन डोस पुरेसे कीं तीन हवेत, हें पाहण्यासाठीं देशांतील अनेक केंद्रांत, त्यांत बार्शी व पुणेंहि होतीं, दहा ते अठरा वर्षांच्या मुलींस ती देण्यांत येत होती. तो बंद पडल्यामुळें सुमारें पांच हजार मुलींस एकच डोस मिळाला. दहा वर्षें त्यांचा मागोवा घेतला, तेव्हां १६ व १८ ह्या प्रकारांच्या टिकाऊ संसर्गापासून एका डोसानेंहि शेंकडा ९५ च्या घरांत संरक्षण मिळतें, तें दोन किंवा तीन डोसांहून कमी नाहीं, असें २०२१ मध्यें दिसून आलें. पुढच्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें एका डोसाचा पर्याय मान्य केला. त्याच २०२२ सालीं पुण्याच्या हडपसर भागांतील सीरम संस्थेनें तयार केलेल्या, ६, ११, १६ व १८ ह्या चार प्रकारांवरच्या देशी लसीसहि परवानगी मिळाली.

अशा रीतीनें हा इतिहास फिरून पुणें जिल्ह्यांत येतो. हडपसरहून जुन्नरास किंवा घोडेगांवास सकाळीं निघालेली गाडी दुपारच्या आंत पोंचते. लस शीतपेटींतून तिच्याबरोबर जाईल. भीमाशंकराच्या डोंगरांतील वाड्यावस्त्यांवरहि नेतां येईल. परंतु तेथील आईनें आपल्या मुलीचा दंड पुढें करावा ह्यासाठीं कोणीतरी तिच्याशीं तिच्या भाषेंत बोललें पाहिजे, तिचे प्रश्न ऐकून घेतले पाहिजेत, आणि तिची संमति तिच्याच तोंडून घेतली पाहिजे. आणि ती आई स्वतः तिशीच्या पुढची असेल, तर तिची तपासणी त्याच दिवशीं, त्याच अंगणांत ठरली पाहिजे. कारण लेकीची लस आईस वांचवीत नाहीं, आणि लस घेतलेल्या लेकीसहि पुढें तपासणी चुकत नाहीं.

हें काम आरोग्यखात्याचें आहे, हें खरें. पण त्याचा पूर्वार्ध आपल्या सुशिक्षित घरांत व्हावयाचा आहे. वाचणारांच्या घरीं जो शब्द उच्चारण्यास संकोच वाटतो, तो डोंगरांतल्या बाईनें मोकळेपणानें उच्चारावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी? देवीच्या रोगास आपल्या आज्यापणज्यांनीं नांव दिलें, त्यावर भांडण केलें, आणि शेवटीं लसीलाहि आपल्या बोलींत सामावून घेतलें. गर्भाशयमुखाचा कर्करोग हे दोन शब्द जड आहेत, हें आम्ही जाणतों. ते नको असतील तर बायकांनीं आपसांत सोपा शब्द काढावा. पण काढावा, आणि तो माजघरांतच न ठेवितां नवऱ्याच्या, मुलाच्या व डॉक्टराच्या कानींहि घालावा.